पावसात दिलेला कप

डर्बन, दक्षिण आफ्रिका,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडं गोल्फ कोर्स आहेत का रे?" मी नुसतं "आहेत की" म्हणालो आणि विषय तिथंच राहिला. आहेत म्हणजे काय, गावभर आहेत. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती फोनवर सांगून व्हायची नाही, म्हणून लिहायला बसलोय. आईला गोल्फचा कंटाळा आहे, तरी तिनंही वाचावं. मधे तिच्यासाठी एक गंमत आहे.

इथं पूर्वी 'नाताल ओपन' नावाची स्पर्धा भरायची. नाताल हे या प्रांताचं जुनं नाव, आता क्वाझुलू-नाताल म्हणतात. ओपन म्हणजे खुली. पैशासाठी खेळणारे आणि हौसेनं खेळणारे एकाच स्पर्धेत उतरत. हौशी खेळाडूला तेव्हा बक्षिसाची रक्कम घेता येत नसे, पण कप त्याचाच. बॉबी लॉक नावाच्या पोरानं 1935 साली हौशी असतानाच ही स्पर्धा जिंकली होती, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढं त्यानं ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकली. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या आयुष्यात या प्रांतातल्या कपाला जागा होती, यावरून त्याचा मान कळेल.

मला सांगायची गोष्ट घडली ती डर्बन कंट्री क्लबवर. हा गोल्फ क्लब समुद्राला अगदी लागून आहे. वाळूच्या टेकड्या, त्यावर दाट झाडी, मधूनच माकडं. त्याचा जन्मही पावसामुळेच झाला. त्याआधीचा जुना कोर्स घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत, सपाट जागेवर (महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मधोमध गोल्फ चाललंय असं समजा). 1919 ची दक्षिण आफ्रिका ओपन तिथं भरली आणि सगळं पाण्यात गेलं. मग लोकांनी पाणी न साचणारी वाळूची जागा शोधली आणि 1922 मध्ये हा क्लब उभा राहिला. आता मूळ गोष्ट.

इथून जवळच बीचवूडचा कोर्स आहे. तिथं एक हिंदी, म्हणजे भारतीय वंशाचा, पोरगा कॅडी होता, खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. 1860 पासून मद्रास आणि कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांवर कराराची माणसं आणली, त्यांच्यापैकीच्या घरातला. कागदावर नाव 'सेवसंकर सेवगोलम'. मी ते मोठ्यानं वाचलं आणि लक्षात आलं, अरे, हा तर शिवशंकर! आडनाव बहुधा शिवगुलाम असावं. बोटीवरून उतरवून घेणाऱ्या कारकुनांना जसं ऐकू आलं तसं त्यांनी लिहिलं, आणि पिढ्यान् पिढ्या तेच चाललं. लोक मात्र त्याला 'पपवा' म्हणत.

बाबा, तुम्हाला सर्वांत जास्त रस वाटेल तो त्याच्या पकडीत. उजव्या हाताचा माणूस काठी धरतो तेव्हा डावा हात वर, उजवा खाली, बरोबर? तुम्हीच अंगणात मला बांबूच्या काठीवर शिकवलं होतंत. पपवाचं उलटं. उजवा वर, डावा खाली, आणि तरी मारायचा उजव्या बाजूनंच. विटीदांडू खेळताना कुणी असा दांडू धरला तर आपण हसून त्याचे हात बदलायला लावू. त्याचे हात बदलायला कुणी नव्हतं. झाडाच्या काठीनं एकटाच शिकला. त्या पकडीला आजही इथं त्याच्याच नावानं ओळखतात.

काळ्या आणि हिंदी खेळाडूंच्या स्पर्धा तेव्हा वेगळ्या भरत, तिथं त्याच्यापुढं फारसं कुणी टिकत नसे. गोऱ्यांच्या स्पर्धेत मात्र सरकारी परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नसे. आई, आता तुझी गंमत. तू ते 'ओले' (Olay) नावाचं क्रीम लावतेस ना? ते इथं डर्बनमध्येच तयार झालं. बनवणारे ग्रॅहम वुल्फ नावाचे रसायनतज्ज्ञ. पपवा त्यांच्याकडे कामाला होता. 1959 मध्ये त्यांनी त्याला आपल्या छोट्या विमानात बसवलं आणि स्वतः चालवत युरोपात नेलं. त्या वर्षी पपवानं डच ओपन जिंकली. 1960 मध्ये पुन्हा, 1964 मध्ये तिसऱ्यांदा. हॉलंडमध्ये लोक त्याला खांद्यावर घ्यायला तयार, आणि स्वतःच्या गावात क्लबच्या दारातून आत जायची सोय नाही.

1963 ची नाताल ओपन याच कंट्री क्लबवर झाली. पपवाला परवानगी मिळाली होती, पण ती फक्त गवतावर चालायची. कपडे बदलायला आणि जेवायला बाहेर उभी केलेली गाडी. असा खेळून तो जिंकला. बक्षीस समारंभाची वेळ आली आणि पाऊस सुरू झाला. बाकीचे आत गेले. आत गोऱ्यांबरोबर त्याला उभं करणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून पहिला आलेला माणूस बाहेर पावसात थांबला आणि कप त्याला तिथंच देण्यात आला.

पावसात कप घेतानाचं त्याचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. मी ते ऑफिसात एका सहकाऱ्याच्या फोनवर पाहिलं. हा माझ्याहून वयानं बराच मोठा, तमिळ घरातला, पण आता त्याला तमिळ येत नाही. तो म्हणाला, आमच्या घरात हे चित्र देवघराशेजारी होतं. मला काही सुचेना. रंगभेदाविषयी मी शाळेत धड्यात वाचलं होतं, परीक्षेत उत्तर लिहून मार्कही मिळवले होते. पण भिजलेला शर्ट आणि हातात कप असलेला माणूस समोर आला की धडा आठवत नाही. ज्या संयोजकांनी त्याला खेळू दिलं त्यांच्यातही काही बरी माणसं असतील, असं मी मनाशी बोलून पाहिलं. पण एकानंही छत्री घेऊन त्याच्या बाजूला उभं राहू नये? मला ते माफ करता येत नाही.

1965 मध्ये पपवा पुन्हा आला आणि पुन्हा नाताल ओपन जिंकला. या वेळी त्यानं हरवलं गॅरी प्लेअरला. त्याच वर्षी यूएस ओपन जिंकून गोल्फमधल्या चारही मोठ्या स्पर्धा नावावर करणारा तो प्लेअर! कॅडीचं काम केलेला पोरगा, उलटे हात, आणि जगातल्या पहिल्या दोन-तीनांतला माणूस मागं. बाबा, मी हे वाचून खुर्चीतून उठलो होतो.

नंतर सरकारनं दारच बंद केलं. 1966 पासून त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळू दिलं नाही आणि पासपोर्टही काढून घेतला, म्हणजे परदेशातही जाता येऊ नये. हात शाबूत, नजर शाबूत, आणि खेळायला जागा नाही. 1978 मध्ये तो गेला, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

काल मी त्याच सहकाऱ्याबरोबर पपवाच्या नावाच्या कोर्सवर जाऊन आलो. हो, आता त्याच्या नावाचा महापालिकेचा कोर्स आहे, उमगेनी नदीच्या काठी. कंट्री क्लबसारखा झकपक नाही. शनिवार असल्यानं रिक्षावाल्यासारखी, मास्तरासारखी साधी माणसं खेळत होती, आणि एक दहा-बारा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर पट (चेंडू हळूच भोकात ढकलायचा फटका) मारत होती. बाजूला उभा राहून मी मुद्दाम काठी उलटी धरून बघितली. चेंडूला नीट लागतही नाही, हो. मनगटं अडकतात. त्यानं त्या पकडीत असा ताल कुठून आणला, तुम्हीच बघून सांगा. सुट्टीत येईन तेव्हा जुनी फिल्म शोधून आणतो.

आणि एक विचारायचं आहे. आपल्या कपाटावर तो पितळी कप आहे, कॅडींच्या स्पर्धेत तुम्ही जिंकलेला. आई दिवाळीला चिंचेनं घासते तो. लहानपणापासून बघतोय, पण तो तुम्हाला कुठं उभं करून दिला होता, हे मी कधी विचारलं नाही. क्लबच्या आत दिला होता का, बाबा? की बाहेर कॅडींच्या शेडपाशी?

फोनवर नको. सवड मिळाली की लिहून कळवा. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. आईला सांगा, मेथीचे लाडू पोचले, एकही फुटला नाही.

तुमचा,
धाकटा