सापसुरळीचं पिल्लू आईपासून तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडगावात माझा जनावरांचा दवाखाना आहे. गाई-म्हशी, कुत्री-मांजरं हे रोजचंच. हल्ली परदेशी सरपटणारे प्राणीही येतात. परवा खानापूरकडचा एक तरुण काचेच्या पेटीतून सॉलोमन बेटांवरची सापसुरळी घेऊन आला. पिल्लूच होतं. हातात घेताच त्याने शेपटीचा वेढा माझ्या मनगटाला घातला, तो सोडवता सोडवेना. पोट टम्म फुगलेलं. विकणाऱ्याने उकडलेलं अंडं आणि चिकन घालायला सांगितलं होतं. हा प्राणी झाडावर राहून पाला खाणारा!

ही जात अंडी घालत नाही. मादी सहा-सात महिने गाभण राहते आणि बहुधा एकच, पण चांगलं थोराड पिल्लू देते. त्यानंतर ते कित्येक महिने मोठ्यांच्या सोबतीनेच राहतं. मोठी त्याची राखण करतात, परका जवळ आला तर अंगावर धावून जातात. पिल्लू मोठ्यांची विष्ठा खातं. पाला पचवणारे जिवाणू त्याला तिथूनच मिळतात. किळस वाटेल, पण वासराला चीक हवा तसंच हे. विक्रीच्या घाईत पिल्लू लवकर उचललं तर नेमकं हेच तुटतं.

म्हणून पैदास करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जोडी आणि पिल्लू एकत्र ठेवा. पेटी उंच हवी, आत जाड फांद्या आणि लपायला ढोली हवी. मनीप्लांटची पानं या सापसुरळ्या आवडीने खातात. जमलेल्या कुटुंबात नवा प्राणी एकदम सोडू नका, चावाचावी होते.

कायद्याचंही बघा. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगल्याची, तसंच घरात जन्मलेल्या पिल्लाचीही नोंद केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते. त्या तरुणाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. कागद तर एकही दिला नव्हता.

वनखात्याने याची माहितीपत्रकं कन्नडबरोबर मराठीतही काढावीत आणि आमच्यासारख्या दवाखान्यांतून ठेवावीत. भिंतीवर लावायला माझ्याकडे जागा आहे.

आपला,
एक पशुवैद्यक, वडगाव, बेळगाव