रक्तसाक्षी या शब्दातली साक्ष

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

गेल्या खेपेला घरी आले असताना मी बाबांची प्रार्थनेची वही न विचारता उघडून वाचली, हे आधी कबूल करते. भिंग धरून लिहिलेली ती टपोरी अक्षरे आणि प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने काढलेले बारीक क्रूस पाहून मला भरून आले, कारण एक क्रूस म्हणजे एका पहाटेची प्रार्थना हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. एका पानावर ‘अफगाणिस्तानातील २२ मिशनरी, उद्या दुपारी मृत्युदंड’ अशी नोंद होती आणि तिच्यापुढे अकरा क्रूस होते. त्या वेळी मी काही बोलले नाही. फोनवर हे नीट सांगता आले नसते, म्हणून पत्र लिहीत आहे.

बाबा, ही नोंद तुम्ही ज्या निरोपावरून केली, तो मोबाइलवर आलेला निरोप खरा नाही. खरे घडले होते ते असे : जुलै २००७ मध्ये तालिबानने दक्षिण कोरियातील एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, २३ स्वयंसेवकांना बसमधून जात असताना ओलीस धरले. त्यांच्यापैकी दोघांना, त्यांत त्यांचा पाळकही होता, गोळ्या घालून मारण्यात आले आणि उरलेल्या २१ जणांची ऑगस्टअखेरपर्यंत सुटका झाली. पुढे काही वर्षांनी २२ मिशनऱ्यांचा निरोप जगभर फिरू लागला. त्यावर तारीख नसते, त्यामुळे त्यातला ‘उद्या’ कधी उजाडतही नाही आणि मावळतही नाही. त्याचाच एक जोडनिरोप आहे : भारतात बौद्ध अतिरेक्यांनी वीस चर्च जाळली असून आज रात्री ओलिसाबांग प्रांतातील दोनशे चर्च नष्ट होणार आहेत. आपल्या देशात या नावाचा प्रांतच नाही. पण तो निरोप पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने, कळत नकळत, एका संपूर्ण समाजावर न केलेल्या गुन्ह्याचा आरोप केला.

तुमची प्रार्थना वाया गेली असे मी मुळीच म्हणत नाही. प्रभू वहीतली चूक दुरुस्त करून ऐकतो, असा माझा विश्वास आहे. माझे म्हणणे वहीबद्दल नाही, त्यानंतर तो निरोप आपण आणखी चाळीस जणांना पाठवतो त्याबद्दल आहे. विश्वासासाठी प्राण देणाऱ्याला आपण मराठी ख्रिस्ती लोक रक्तसाक्षी म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच आहे. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा काढून पाहा : पहिला रक्तसाक्षी स्तेफन दगडमार होऊन मेला, तो सभेपुढे उभ्या केलेल्या खोट्या साक्षीदारांमुळे. हे वाचल्यापासून मला राहून राहून वाटते, की ज्यांनी रक्ताने साक्ष दिली त्यांच्याविषयी बोलताना आपली साक्ष खोटी निघाली, तर नकळत आपण स्तेफनच्या बाजूला नव्हे, समोरच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

दरवर्षी एक लाख ख्रिस्ती रक्तसाक्षी होतात, हा आकडा तुम्ही उपासनेतही ऐकला असेल. तो दहा वर्षांच्या दहा लाखांच्या एका अंदाजातून आला आणि त्या दहा लाखांतला फार मोठा भाग काँगोच्या यादवी युद्धातील मृतांचा होता. तेथे मारणारे आणि मरणारे बहुतेक ख्रिस्तीच होते. त्यांचे मरण भयंकर होते, पण ते विश्वासासाठी झालेले मरण नव्हते. असा आकडा एकदा उघडा पडला, की ऐकणारा खऱ्या छळावरही विश्वास ठेवीनासा होतो, आणि खरा छळ तर आकड्याच्या टेकूशिवाय उभा आहे. ५ जून २०२२ रोजी, पन्नासाव्या दिवसाच्या म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, नायजेरियातील ओवो येथे उपासनेला जमलेल्या मंडळीवर गोळीबार झाला आणि किमान चाळीस माणसे दगावली. त्याच देशात एप्रिल २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुलींना पळवून नेले, त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती होत्या. हे ठासून सांगायला हवे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कानो शहराच्या मुख्य मशिदीत नमाजाला जमलेल्यांवर बॉम्बहल्ला झाला, हेही त्याच दमात सांगायला हवे. मध्य नायजेरियात शेतकरी आणि गुराखी यांच्यात जमीन, पाणी, टोळी आणि धर्म यांची अशी गुंतागुंत झाली आहे, की एकच धागा ओढून सगळे उलगडले असे म्हणणारा माणूस मला पटत नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते. बातम्या पाहताना तू म्हणालीस, “ती माणसंच तशी.” तू रागाने नव्हे, भीतीने म्हणालीस हे मला कळले, तरी ते माझ्या मनात सलत राहिले. केनियातील मंडेरा भागात नोव्हेंबर २०१४ मध्ये अल-शबाब या सोमालियातील अतिरेकी संघटनेच्या लोकांनी एक बस अडवली, मुस्लिम नसलेल्या २८ जणांना वेगळे काढले आणि मारले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्याच भागात पुन्हा एक बस अडवली. त्या वेळी मुस्लिम बायकांनी आपल्या डोक्यावरचे रुमाल काढून ख्रिस्ती बायकांच्या डोक्यावर बांधले आणि प्रवाशांनी हल्लेखोरांना बजावले, की मारायचे तर सर्वांना मारा, नाही तर सोडून द्या. एका मुस्लिम शिक्षकाला गोळी लागली, तो पुढच्या महिन्यात मरण पावला. घाईघाईने बांधलेली ती रुमालाची गाठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपण रक्तसाक्ष्यांची नावे घेतो तेव्हा त्या शिक्षकाविषयी गप्प बसणे मला जमणार नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या समुद्रकिनाऱ्यावर नारिंगी कपड्यांतील २१ मजुरांना मारले, ते तुम्हा दोघांनाही आठवत असेल. वीस जण इजिप्तच्या प्राचीन कॉप्टिक मंडळीतले ख्रिस्ती होते आणि एक घानाचा. त्यांचा आकडा आपण विसरत नाही, कारण त्यांच्या मंडळीने एकेकाचे नाव आपल्या संतांच्या यादीत लिहिले. मे २०२३ मध्ये रोमच्या कॅथलिक मंडळीनेही त्यांना आपल्या रक्तसाक्ष्यांत घेतले. दोन भाऊ गमावलेल्या एकाने दूरचित्रवाणीवर सांगितले, की मारेकरी समोर आला तर काय करशील असे आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, त्याला घरात बोलावीन, देवाने त्याचे डोळे उघडावेत अशी प्रार्थना करीन. ती आई तुझ्यासारखीच साधी बाई. मला इतके मोठे मन नाही, पण ते कुठे तरी आहे हे मला माहीत असणे गरजेचे वाटते.

एक गोष्ट लिहिताना मला संकोच होतो, तरी वगळणे बरोबर नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांच्या हातूनही छळ झाला आहे. १५६९ मध्ये नेदरलँड्समध्ये डर्क विलेम्स नावाचा माणूस, प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याच्या आरोपावरून कैदेत होता. तो निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पलीकडे गेला. मागून धावणारा शिपाई बर्फ फुटून बुडू लागला, तेव्हा डर्क परत फिरला आणि त्याने त्याला ओढून बाहेर काढले. त्यामुळे तो पकडला गेला आणि त्याला जाळण्यात आले. जाळणारेही येशूचेच नाव घेत होते. बंदिवानांबरोबर आपणही बंधनात आहोत असे समजून त्यांची आठवण ठेवा, हे इब्रीकरांस लिहिलेले वचन बाबांनी वहीच्या पहिल्या पानावर उतरवले आहे. म्यानमारचे रोहिंग्या मुस्लिम, इराकमधले यझिदी, इराणातले बहाई हे छळ सोसलेले इतर धर्मांचे लोकही त्या वचनातच बसतात, असे मला वाटते. तुम्हाला काय वाटते ते मला लिहा, आपण यावर भांडलो तरी चालेल.

बाबा, अकरा क्रूसांची ती नोंद खोडू नका. तिच्या शेजारी ‘जुलै २००७’ लिहा आणि मारल्या गेलेल्या त्या दोघांच्या घरच्यांसाठी बारावा क्रूस काढा. निरोप आला की पाठवण्याआधी मला फोन करा, कितीही पहाट असो, मी शोधून सांगेन. तोवर आईने वहीत एक ओळ माझ्या नावाने लिहावी : मंडेराच्या बसमधल्या सर्वांसाठी.

तुमची,
लेक