रिकव्हरी फुल लिहू का, विचारलंस म्हणून

प्रिय मिनू,

काल फोनवर रेंज गेली अन् तुझा प्रश्न अर्धाच राहिला म्हणून हे टाईप करत बसलोय, शिफ्ट संपली की निवांत वाच. कोळसा शोधायच्या तुझ्या होलमध्ये ३ मीटरचा रन, म्हणजे एका दमात ड्रिल केलेला टप्पा, होता, वर आलेला कोअर (दगड-कोळशाचं दांडकं) बॉक्समध्ये २ मीटर ४० सेंटीमीटरच भरला, अन् ड्रिलर म्हणतो मॅडम फुल रिकव्हरी लिहून टाका, वर कोणी मोजायला येत नाही. बरोबर ना? तर बेटा, जेवढं तुझ्या टेपनं मोजलं तेवढंच लिही. २.४० कोअर, ०.६० लॉस, ८० टक्के. झालं उत्तर. पण नुसतं उत्तर घेऊन गेलीस तर उद्या त्या माणसाशी भांडशील, अन् मी स्वतः जन्मभर ड्रिलर म्हणून मशीनच्या त्याच बाजूला उभा राहिलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिले हे बघ की तो असं काहून म्हणतो. कोळशात रिकव्हरी कमी आली की बिल कापलं जातं, सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो, हेल्परांचा भत्ता अडकतो, अन् कधी कधी तर चूक त्याची नसतेच. कोळसा दगडासारखा अखंड येत नाही, तो मुळातच फुटका, नखानं दाबला तरी चुरा होतो, त्यात पंपाचं प्रेशर जास्त असलं की वाहून जातो, बॅरलमध्ये तुकडा आडवा बसला की वरचा माल खालच्याला दळत राहतो. कधी कोअर लिफ्टर, म्हणजे बॅरलमधली कोअर धरणारी कडी, पकडत नाही अन् शेवटचा तुकडा खाली होलमध्येच राहतो, तो मग पुढच्या रनला वर येतो अन् त्या रनची रिकव्हरी १०० च्या वर दिसते. म्हणून लॉस दिसला की लगेच आरडाओरड नको, पुढचा रन येऊ दे, दोन्ही रन शेजारी ठेव, तुकड्यांची तोंडं जुळतात का बघ.

अन् सीम, म्हणजे कोळशाचा थर, जवळ आला की त्याला आधीच सांगायचं, दादा आता रन छोटा घ्या, दीड मीटरचा, आरपीएम कमी, पाणी कमी, फीड हळू. पाळी बदलायच्या घाईत कोळसा कापू देऊ नकोस, निम्मे लॉस तिथेच होतात.

आता ६० सेंटीमीटरनं काय बिघडतं? हिशोब करून बघ ना, तू शिकलेली आहेस. समजा ४०० मीटरच्या ग्रीडवर होलं चाललीत, म्हणजे तुझ्या एका होलच्या नावावर ४०० बाय ४०० मीटरचा चौकोन आला. त्यात ०.६० मीटर जाडी अन् घनता दीड धरली तर १ लाख ४४ हजार टन होतात. एवढा कोळसा तुझ्या पेनातून निघाला, जमिनीत असो की नसो. अन् तो पुढे कुणी तपासत नाही गं, तुझा लॉग, म्हणजे होलची नोंद, सेक्शनवर (जमिनीच्या उभ्या छेदाच्या चित्रावर) जातो, सेक्शनवरून प्लॅन, प्लॅनवरून रिझर्व्ह म्हणजे साठ्याचा आकडा, मग त्याच्यावर खाणीचं डिझाईन अन् कर्ज अन् ब्लॉकचा लिलाव, अन् ज्या दिवशी डम्परमध्ये कोळशाऐवजी माती भरावी लागते त्या दिवशी तू कुठल्या कुठे बदली होऊन गेलेली असते.

एक गोष्ट डोळ्यांनी बघितलेली सांगतो, साईट अन् माणसं सांगत नाही. रात्रपाळीनं सीम कापला, सकाळी बॉक्स एकदम गच्च भरलेला, रिकव्हरी ९८. साहेब खूश. मी बॉक्सजवळ उकिडवा बसलो तर तुकडे एकमेकांना लागतच नाहीत, दोन तुकड्यांत बोटभर बोटभर जागा सोडून अख्खी लाईन ताणून बसवलेली अन् मधे चुरा टाकलेला. मग दुपारी लॉगिंगची गाडी आली, मोजायचा प्रोब होलमध्ये खाली गेला, अन् ज्या जागी कोळसा लिहिला होता तिथे गॅमा (खडकातले नैसर्गिक किरण, मातीत जास्त) वर चढला अन् डेन्सिटीपण वाढली. क्ले बँड, म्हणजे सीममधला मातीचा पट्टा, होता तिथे! मऊ माती, पाण्यानं धुवून गेली, अन् तिच्या जागी कागदावर कोळसा बसला. शुद्ध कोळशात गॅमा एकदम खाली पडतो, डेन्सिटी खाली, रेझिस्टिव्हिटी वर, हे तुला पाठ असेलच, पण ते बॉक्सच्या शेजारी उभं राहून बघणं वेगळं. म्हणून लॉस ही रिकामी जागा समजू नको. तिथे मऊ असं काहीतरी होतं जे टिकलं नाही, हीच तर माहिती आहे, अन् ती झाकली की लॉगिंगवाल्यालाही कळत नाही नेमकं कुठे बघायचं.

लॉस रनमध्ये कुठे झाला हे कोण सांगेल? तोच ड्रिलर सांगेल ज्याच्यावर तू चिडली आहेस. मशीनचा आवाज त्याच्या अंगात असतो. दगडात इंजिन कण्हतं, कोळसा लागला की रॉड धावायला लागतो, रिटर्नचं पाणी काळं होतं, मधेच माती लागली की पंपाचं प्रेशर उचलतं. त्याला विचार, दादा कुठून कुठपर्यंत फास्ट गेलं? तो न बघता सांगतो १४२ च्या खाली हातभर गेलं की मऊ लागलं. ते वहीत वेळेसकट लिही. रिकव्हरी वाढवून दे म्हणणाऱ्याला नुसतं नाही म्हटलं तर तो दुश्मन होतो, पण त्याला असं विचारलं की त्यालाही वाटतं पोरीला काम कळतं. निदान मला तरी वाटलं असतं.

तुमचा भाग मला माहीत आहे. वणी, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, सगळं वर्धा व्हॅली कोलफिल्ड. ह्यूजेस नावाच्या साहेबानं जिऑलॉजिकल सर्व्हेकडून या खोऱ्याचा रिपोर्ट १८७७ मध्ये छापला, तेव्हा ना जीप ना वायरलाईन, माणसं बैलगाडीनं फिरली असतील, अन् तरी त्यांनी खोली अन् जाडी लिहून ठेवली. तुझ्याकडे वर काळी माती, काही जागी ट्रॅप म्हणजे काळा बेसाल्ट, मग कामठी नावाच्या थराचा लालसर खडबडीत सॅंडस्टोन, त्यात पाणी सुटतं किंवा आपलं पाणी गायब होतं. त्याच्या खाली मोटूर थराच्या रंगीबेरंगी क्ले, लाल, हिरवट. त्या फुगतात, होल कॅव्ह होतं म्हणजे आत ढासळतं, रॉड जाम होतो, मग तो काढायला दिवसचे दिवस फिशिंग. एकदा कोळसा असलेल्या बाराकर थराचा पांढरा-करडा सॅंडस्टोन लागला की सावध हो, आता कोळसा कधीही. या पट्ट्यातला मेन सीम काही ठिकाणी १५-२० मीटरचा एकसंध भेटतो अन् बाजूच्या होलमध्ये फाटून दोन-तीन तुकड्यांत येतो, मधे शेल. कुठे भेटतच नाही, फॉल्टनं खाल्लेला असतो. अशा वेळी शेजारच्या होलशी जुळावं म्हणून कोळसा ओढूनताणून बसवायचा मोह होतो, तेव्हा विशेष करून हात आवर.

मोटूरमुळेच सांगतो, होल संपलं की लॉगिंगला उशीर करू देऊ नको. गाडी उद्या येईल, परवा येईल म्हणता म्हणता होल मिटतं. नाहीच जमलं तर निदान रॉडमधून गॅमा घ्यायला लाव, काहीच नसण्यापेक्षा बरं.

सँपलिंगचं तुला कॉलेजात शिकवलंच असेल तरी, कोळसा उघडा ठेवू नको, मोजून फोटो काढून लगेच प्लास्टिकमध्ये पॅक, नाहीतर मॉइश्चर उडतं अन् लॅबचा आकडा भलताच येतो. ग्रेड उष्णतेवर ठरते, किलोमागे ३०० किलोकॅलरीच्या पट्ट्यानं बदलते, ४३०० ते ४६०० म्हणजे जी १०, त्याच्या जरा वर गेलं की जी ९. तेवढ्या फरकात पैसा आहे, म्हणून बँड वेगळा अन् कोळसा वेगळा भर, एकत्र कुटू नको. काळं दिसतं म्हणून सगळा कोळसा नसतो, हातात घेऊन वजन बघ.

गावातली माणसं येतील. कापसाच्या उभ्या शेतात मशीन घुसवलं की शेतकरी काय हार घालणार आहे? नुकसानभरपाईचा पंचनामा मशीन हलायच्या आधी होतोय की नाही हे तू स्वतः बघ, तुझं काम नसलं तरी बघ. अन् सगळे एकच विचारतील, ताई सापडला का, आमची जमीन जाईल का. आकडे सांगायचे नसतात, ते गुप्त असतात. पण खोटंही बोलू नको, "इथे काहीच नाही काका" असं तर अजिबात म्हणायचं नाही, कारण त्या भरवशावर माणूस विहीर खोदतो, घर बांधतो. एवढं सांगू शकतेस की कोळशासाठी जमीन घ्यायच्या कायद्यातली सेक्शन ४ ची नोटीस म्हणजे फक्त शोधायची परवानगी, घ्यायचा इरादा सेक्शन ७ मध्ये येतो अन् त्याला हरकत घ्यायला ३० दिवस असतात. १९५७ चा कायदा आहे, काही लपवायचं नाही त्यात. अन् जाताना होल सिमेंटनं बंद केल्याशिवाय साईट सोडू नको, सोय बघून माती ढकलून देतात लोक.

बाकी, केस बांधून, ओढणी नको, फिरत्या रॉडजवळ तर बिलकुल नको. बायकांसाठी टॉयलेटची सोय मागून घे, लाजू नको, रिगवर बाप्यांच्या डोक्यात तो विषयच येत नाही.

त्या रनचं उद्या असं कर. ड्रिलरला चहा दे अन् म्हण, दादा, मी ८० लिहिते, पण रिमार्कमध्ये लिहिते की सीम फ्रायेबल, म्हणजे चुरा होणारा, आहे, पाणी कमी करून दीड मीटरचे रन सुरू केलेत, पुढच्या रनला सुधारणा आहे. त्याचं बिल त्या रिमार्कवरच वाचतं. माझं वाचलंय. अन् लॉगिंगचा ग्राफ आला की त्या ६० सेंटीमीटरच्या जागेचा फोटो मला पाठव, मला वाटतं तिथे माती निघेल, तुझी आई म्हणते कोळसा, तिला काही कळत नाही पण तिनं पैज लावलीय.

तुझा
बाबा