नकाशातल्या सामायिक भिंती पुसू नका

माननीय नगरविकास मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

‘आपले शहर अमक्या शहरासारखे करू’ हे आश्वासन सगळेच देतात. पण सारखे म्हणजे किती सारखे? इमारतींच्या आकारांवरून हे मोजता येते. त्यासाठी लागणारा नकाशा मात्र आपले खातेच तयार करवून घेते, म्हणून हे पत्र.

नुसते रस्ते जुळवून भागत नाही. बार्सिलोनाचे उदाहरण घ्या. नगररचनाकार इल्देफोन्स सेर्दा यांनी तिथल्या १८५९च्या आराखड्यात साधारण ११३ मीटरचे, कोपरे छाटलेले चौकोनी ब्लॉक आखले. बहुतेक ठिकाणी दोनच बाजूंना बांधकाम आणि मध्ये बाग, असा त्यांचा बेत होता. पुढे चारही बाजू बांधल्या गेल्या, आतली जागाही बरीच भरली. रस्त्यांची जाळी तीच राहिली, शहर वेगळे झाले. हा फरक इमारतींच्या आकृत्यांतच दिसतो.

प्रत्येक इमारतीची जमिनीवरची आकृती घेऊन क्षेत्रफळ आणि परिमिती यांवरून ती किती आटोपशीर आहे याचा आकडा काढतात. वर्तुळाला १, चौरसाला ०.७९, लांबट आकृतीला त्याहून कमी. पण शहराची सरासरी काढली की घात होतो: निम्मे चौरस बंगले आणि निम्म्या लांबलचक चाळी असलेले शहर मध्यम आकारांच्या शहराइतकेच भरते. म्हणून कोणत्या आकड्याच्या किती इमारती हे दाखवणारे दोन्ही शहरांचे पूर्ण आलेख शेजारी ठेवायचे, प्रत्येक आलेख म्हणजे मातीचा ढीग समजायचा आणि एकाच्या ढिगातली किती माती किती लांब सरकवली की दुसरा ढीग तयार होईल, ते मोजायचे. जितकी हमाली कमी, तितकी शहरे जवळची.

आता खरी तक्रार. दहा मीटर बाजूची दहा चौरस घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत असे समजा. वेगवेगळी काढली तर प्रत्येकाचा आकडा ०.७९. एकच लांब पट्टा म्हणून काढली तर ०.२६! घरे तीच, पण नकाशा काढणाऱ्याने सामायिक भिंती गाळल्या. उपग्रहचित्रांवरून संगणकाने आपोआप रेखलेल्या नकाशांत दाट वस्त्यांचे असे गोळे नेहमी दिसतात. मग दोन शहरांतला फरक हा पुष्कळदा दोन ठेकेदारांतला फरक असतो.

सर्वेक्षणाच्या पुढच्या निविदेत एवढे घाला: सामायिक भिंत स्वतंत्र रेषेने दाखवावी, आतले चौक भरून टाकू नयेत, प्रत्येक आकृतीसोबत मजले आणि सर्वेक्षणाची तारीख नोंदवावी. मजल्यांचा आग्रह अशासाठी, की वरून पाहता बैठे घर आणि मनोरा एकाच मापाचे असू शकतात. आणि तयार झालेला नकाशा सर्वांना उतरवून घेता येईल असा खुला ठेवा.

आपला,
नकाशांवर काम करणारा एक नागरिक