खोक्यावर १२००, तारेत ९४

महोदय,

वरच्या खोलीतल्या संगणकासाठी वायफाय एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारं उपकरण) आणला आणि त्याच्याच पोर्टमध्ये केबल खुपसली. तार आहे म्हणजे वेग मिळणारच, ही माझी समजूत! पण आकडा ९४ एमबीपीएसच्या वर हलेना. केबल बदलली, राउटर बंद-चालू केला, ढिम्म. अखेर भिंग घेऊन माहितीपत्रकातली मुंगीएवढी अक्षरं वाचली: पोर्ट १०/१०० चा, म्हणजे १०० एमबीपीएसलाच बांधलेला. खोक्यावरचे ठळक १२०० ही दोन्ही वायफाय बँडच्या, म्हणजे लहरपट्ट्यांच्या, वेगांची बेरीज निघाली. शिवाय राउटरपासून एक्स्टेंडरपर्यंतचा प्रवास हवेतूनच; तार काय ती शेवटच्या हातभर अंतराची. पोर्टचा वेगही दर्शनी बाजूला छापायला कंपन्यांना अडचण कसली?

– एक वाचक