तक्रारीनेच सुरुवात कर

ताई, दाजी,
प्रभूच्या नावात सलाम.

ताई, प्रार्थनेला बसलं की तोंडात तक्रारच येते, मग बसावं की नाही, असं तू विचारलंस. बस, आणि तक्रारीनेच सुरुवात कर. बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचाच आहे. देवापुढे रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं, हा समज शास्त्रातून आलेला नाही.

तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर' हा सवाल चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं आणि पाचव्यात देवाच्या दयेवरचा भरवसा. दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. दुसऱ्या वचनावर थांबून आपापले 'कोठवर' वहीत लिहा, चारच. मग मागणं, तेही नेमकं. 'सगळं नीट कर' असं नको. 'आजची रात्र सलग चार तास झोप लागू दे' असं मागा. मोघम मागितलं तर उत्तर आलेलंही ओळखू येत नाही. बहुतेकांचं बिघडतं ते इथे: पहिली चार वचनं उरकून थेट पाचव्यावर उडी मारतात, मग तो भरवसा ओठांवरच राहतो. एखाद्या दिवशी पाचवं वचन तोंडातून निघालंच नाही, तर त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, पण त्याची पहिली हाक 'माझ्या उद्धारक देवा' अशी आहे. तेवढी हाकही प्रार्थनाच असते.

वचनं सुटी उचलू नका. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायातलं अकरावं वचन, भविष्य आणि आशा देणारं, सगळे एकमेकांना पाठवतात. त्याच्या आदलं दहावं कुणी पाठवत नाही. त्यात बंदिवासात बाबेलला नेलेल्या लोकांना तिथे 70 वर्षं भरायची आहेत असं लिहिलंय, आणि पाचव्यात तर तिथे घरं बांधा, मळे लावा, असं सांगितलंय. संकट लवकर टळेल असं ते वचन म्हणतच नाही. ते तसं वाचलं, की महिन्याभराने माणूस देवावर रुसतो.

विलापगीत या पुस्तकाचा तिसरा अध्याय मात्र सावकाश वाचा. अठराव्या वचनात लिहिणारा म्हणतो, माझी आशा संपली. एकविसाव्यात म्हणतो, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. मध्ये बाहेरचं काहीच बदललेलं नाही, त्याचं यरुशलेम शहर उद्ध्वस्तच आहे. मग तो मनात काय आणतो? देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे. त्याने ते जाणूनबुजून आठवलंय, आपोआप वाटलेलं नाही. म्हणून हा अध्याय रात्री नको, सकाळी, फोन हातात घ्यायच्या आधी वाचा.

देवाची प्रीती आजच्या रिपोर्टावरून मोजू नका. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचं आठवं वचन ती क्रूसावर दाखवतं: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. ते घडून गेलंय, आता कशानेही मागे फिरत नाही.

दाजी, तुम्ही आधी झोपा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं, मधे झोपूही दिलं. थकलेल्या शरीराला निराशाच आधी सुचते. महिनाभर झोप आणि भूक उडालेली असेल तर डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वास उणा होत नाही.

भेटायला येणाऱ्यांना ईयोबाच्या मित्रांचं सांगा. ईयोब दुःखात होता तेव्हा सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं, कारणं सांगू लागले आणि चुकले.

ताई, तुझे चार 'कोठवर' मला लिहून पाठव. तुम्ही सकाळी वाचायला बसाल, तेव्हा इथून मीही तेच घेऊन प्रार्थनेला बसेन.

तुमचा धाकटा