पक्या, आधी उत्तर, मग कारणं

चिंचवड

प्रिय पक्या,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. विजेच्या गाड्यांमुळे आपलं काम जाणार, मग डेटा सायन्सचा कोर्स करू की साहेब देतायत ती प्रोग्रॅम मॅनेजरची पोस्ट घेऊ, असं विचारलंयस. शेवटी तू लिहिलंयस, ‘फाटे फोडू नकोस, हो किंवा नाही ते सांग.’ तर ऐक. डेटा सायन्सच्या कोर्सला नाही. प्रोग्रॅम मॅनेजरच्या पोस्टलाही सध्या नाही. कारणं लांब आहेत, फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

तुझी भीती खोटी नाही. तू क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या खालीवर होण्याने फिरणारा इंजिनातला दांडा, करतोस आणि विजेच्या गाडीला क्रँकशाफ्ट लागत नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, इंजेक्टर, क्लच, सायलेन्सर, सगळंच जातं. भोसरीपासून चाकणपर्यंत ज्यांची चूल या पार्टांवर पेटते त्यांनी काळजी करायलाच हवी. पण वेग बघ. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर नव्या कारमध्ये विजेवरच्या तीनही नव्हत्या. दुचाकींत सहाच्या आसपास. तीनचाकींत मात्र निम्म्याहून जास्त. तू रिक्षाच्या इंजिनाचा माल करत असतास तर मी आजच राजीनामा टाईप करायला बसवलं असतं. तुमचा माल जातो ट्रॅक्टर, ट्रक आणि जनरेटरला. जनरेटरला १ जुलै २०२३ पासून सीपीसीबी-४ प्लस हे धुराचे नवे, कडक नियम लागू झाले, म्हणजे डिझेल इंजिनावर लोक अजून पैसा घालतायत. बजाजने जुलै २०२४ मध्ये सीएनजीवरची मोटरसायकल आणली, तिच्याही पोटात क्रँकशाफ्टच आहे. तेव्हा पुढच्या अप्रेझलच्या आत तुझं दुकान बंद होत नाही.

आता मुद्द्याचं. तुला नेमकं काय येतं, हे तुला स्वतःला कळलेलं नाही असं मला वाटतं. मेसेजमध्ये तू लिहिलंयस, ‘नऊ वर्षं नुसतं ग्राइंडिंग केलं.’ अरे, जर्नलवर (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) चॅटर, म्हणजे मशीनच्या थरथरीने उठलेल्या लाटा, आला की लाइनवरचे सगळे ग्राइंडिंग व्हील बदलून बघायचे, कूलंटला शिव्या घालायचे. तू राउंडनेसचा, म्हणजे गोलाईचा, चार्ट घेऊन बसायचास आणि लोब, म्हणजे उंचवटे, मोजायचास. पार्ट फिरवणारं वर्कहेड साठ आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला एक फेरा. जर्नलवर वीस लोब, म्हणजे सेकंदाला वीस धक्के. व्हील बाराशे आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला वीस फेरे. व्हीलचं बॅलन्सिंग गेलंय, विषय संपला! हे तूच मला टपरीवर कागदाच्या कपावर आकडे काढून समजावलं होतंस.

आता आमच्याकडे काय चाललंय ते ऐक. विजेच्या गाडीत गिअर कमी असतात, पण जे असतात त्यांचे हाल असतात. मोटर बारा-पंधरा हजार आरपीएमने फिरते आणि वर इंजिनाची घरघर नाही. डिझेल गाडीत जो आवाज कुणाला ऐकूच गेला नसता तो इथे ड्रायव्हरच्या कानात शिट्टीसारखा घुसतो. म्हणून दात नुसते हॉबिंग-शेव्हिंग करून, म्हणजे कापून-तासून, चालत नाहीत, हीट ट्रीटमेंटनंतर ग्राइंड करावे लागतात. आणि तिथे एक भूत निघतं, लोक त्याला खरंच ‘घोस्ट’ म्हणतात. पिनियनला, म्हणजे छोट्या गिअरला, तेवीस दात असतील तर आवाज एका फेऱ्याला तेवीसच्या पटीत यायला हवा, तेवीस, सेहेचाळीस, एकोणसत्तर. पण टेस्ट बेंचवर आवाजाच्या आलेखात मध्येच सत्तावन्नला सुळका दिसतो. सत्तावन्न दात तर कुठेच नाहीत! दाताच्या आकाराचा (प्रोफाइल आणि लीडचा) चार्ट टॉलरन्समध्ये, क्वालिटीवाले म्हणतात पार्ट ओके, कस्टमर म्हणतो गाडी परत घ्या. शेवटी कळतं की दाताच्या अंगावर मायक्रॉनपेक्षाही बारीक लाटा आहेत, ग्राइंडिंग मशीनच्या कंपनांनी उठलेल्या.

ओळखीचं वाटलं ना? तुझाच चॅटर तो, फक्त गोल जर्नलवरून दातावर गेलाय. टेस्ट बेंचवर आवाज मोजणारे पुष्कळ मिळतात, त्यातलाच मी एक. ग्राइंडिंग शॉपमधले अनुभवी लोकही आहेत. पण त्या सुळक्यापासून उलटा हिशेब करत मशीनच्या नेमक्या स्पिंडलपर्यंत पोचणारा माणूस शोधायला गेलं की आमची पंचाईत होते. म्हणून म्हणतो, ग्राइंडिंग सोडू नकोस, त्याला व्हायब्रेशन जोड. एफएफटी (कंपनातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणं), ऑर्डर अ‍ॅनालिसिस (एका फेऱ्याला किती धक्के ते बघणं), गिअरची भूमिती, एवढंच शिकायचंय. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीवर व्हायब्रेशनचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच फी. आयआयटीच्या प्राध्यापकांचं इंग्रजी पहिले दोन आठवडे झोप आणतं, मग सवय होते. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे छोटे कोर्सही पुण्यातच होतात, त्यासाठी एखादी रजा खर्च कर. डेटा सायन्सवाले तुझ्याकडून जी फी मागतायत (तीही ईएमआयवर!) तिच्यात हे सगळं होऊन वहिनींना कोकण दाखवता येईल. पायथन जरूर शिक, पण स्वतःच्या राउंडनेस डेटावर चालवायला. पंचविशीतल्या पोरांच्या रांगेत फ्रेशर म्हणून उभं राहायला नको.

प्रोग्रॅम मॅनेजरचं असं. पगार वाढेल, बसायला केबिन मिळेल, काका गावात पेढे वाटतील. आणि तू दिवसभर एक्सेलच्या ट्रॅकरमध्ये लाल खाने पिवळे करशील, पीपॅपच्या (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी) तारखा मागशील आणि रात्री नऊला कस्टमरच्या कॉलवर ‘वी आर वर्किंग ऑन इट’ म्हणशील. काम वाईट नाही, कुणीतरी ते करायलाच हवं. पण दोन वर्षांत हात मशीनवरून सुटतो, आणि हात सुटलेला मॅनेजर मंदीत सगळ्यात आधी कापला जातो, हे २०१९ मध्ये आपण दोघांनी पाहिलंय. चाळिशीत घे ती पोस्ट. साहेबांना सरळ नाही म्हणू नकोस, ‘नवी लाइन स्थिर होऊ दे’ म्हण. तेवढं राजकारण तुला जमतं.

बायोडाटा पाठवलास, तो फाडला. ‘रिस्पॉन्सिबल फॉर ग्राइंडिंग सेक्शन’ वाचून कोण बोलावणार? रिजेक्शन किती होतं, तू काय शोधलंस, किती झालं, या तीन ओळी प्रत्येक मोठ्या प्रॉब्लेमच्या लिही. कस्टमरचं नाव आणि ड्रॉइंग नंबर मात्र चुकूनही घालू नकोस. आजपासून वही ठेव, कारण तुला आकडे आठवत नाहीत. मला आठवतात, ते एकदा बसून उतरवून घे.

आणि पैशाचं. उडी मारायची वेळ आलीच तर पीएफ काढू नकोस. फ्लॅटच्या हप्त्यासाठी मोह होईल, तरी त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर कर. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, तुझी नऊ झालीयेत. काढून बसलास तर पुन्हा शून्यापासून. ग्रॅच्युइटी तुला लागू झालेलीच आहे. बेसिक आणि डीए मिळून चाळीस हजार धरलं तर ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ९, म्हणजे दोन लाख सात हजारांच्या वर. नव्या कंपनीशी पगाराचं बोलताना हा आकडा डोक्यात ठेव, आणि त्यांनी सीटीसीत, म्हणजे तुझ्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चात, ग्रॅच्युइटी धरलीय का ते विचार. बहुतेक धरतात, आणि आपण ती हातात येणारा पगार समजतो. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे, बायआउट, म्हणजे नोटीस पुरी न करण्याचे पैसे, कोण भरणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून घे. एचआरने फोनवर दिलेल्या शब्दावर विसंबू नकोस.

परदेशाचं आत्ता नको. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग बोलू.

आमच्याकडे ग्राइंडिंगमध्ये एक जागा निघेल असं कानावर आहे, पक्कं काही नाही, म्हणून कुठे बोलू नकोस. तोवर नवा बायोडाटा कर आणि रविवारी सकाळी घेऊन ये. संध्याकाळी नको, मॅच आहे.

तुझा,
नंद्या